पत्रकातले चौथे वाक्य

छापखान्यात बाईंनी गठ्ठ्याची सुतळी सैल केली, वरचे पत्रक ओढून उजेडात धरले आणि शाई पसरत तर नाही ना ते बोट फिरवून पाहिले. पाचवी आवृत्ती. या वेळी कागद जरा जाड मिळाला होता आणि बाई त्यावर मनापासून खूश होत्या. खूश व्हायला फार मोठी कारणे लागतात असे त्यांना कधी वाटलेच नव्हते. तेवढ्यात चिमणीचा फोन आला. चिमणी म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेतली तरुण शिक्षिका, संघाची सर्वांत उत्साही सभासद. बोलायला लागली की श्वास घ्यायची विसरते, म्हणून पडलेले नाव. आज मात्र ती बोलेचना. "अगं बोल ना," बाई म्हणाल्या, "सभा चारला आहे, खुर्च्या सांगून ठेवल्यास का?"

"बाई, तिला ऐकू येत नाही."

"कुणाला?"

"आपल्या गप्प मुलीला. माझ्या वर्गातल्या. दोन्ही कानांनी, बाई. आत्ता तिची आई दवाखान्यातले कागद घेऊन आली होती. मोठे आवाज येतात म्हणे, दार आपटलं, बाक सरकलं, तर कळतं. बोलणं नाही कळत. ती नर्स आली होती ना डोळे तपासायला, तिच्या लक्षात आलं. दहा मिनिटांत! आणि मी दोन वर्षं..."

"तू काही चुकीचं केलेलं नाहीस," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडात तयारच असे. गेल्या आठ वर्षांत किती रडवेल्या शिक्षकांना त्यांनी ते म्हटले होते.

"हो ना," चिमणी नाक ओढत म्हणाली, "मी पत्रकात सांगितलंय तसंच केलं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बाईंना निदान रागावता आले असते. "आणि तिच्या आईने तुम्हाला बोलावलंय, सहा वाजता, घरी. कान तपासणाऱ्यांचा एक फॉर्म भरायचाय, तो तुमच्याकडूनच भरून हवाय तिला. मुलीचा मामा असेल घरी, दोन महिन्यांपूर्वी आलाय इकडे, त्याला आपली भाषा येते. जाल ना?"

फोन बंद झाला तरी पत्रक हातातच होते. छापखानेवाल्याने चष्म्यावरून पाहिले. "चूक राहिली का काही, बाई? सांगा, अजून थोडी छपाई बाकी आहे, थांबवतो." बाई म्हणाल्या, "नाही." का म्हणाल्या, ते त्यांना पुढे दिवसभर कळले नाही. कदाचित समोरच्याने इतक्या आपुलकीने विचारले की 'नाही, सगळे छान आहे' म्हणायची जन्माची खोड असेल. त्यांनी सुतळी पुन्हा आवळली आणि गठ्ठा छातीशी धरून त्या रस्त्यावर आल्या. वरच्या पत्रकाचा मजकूर त्यांना न बघता दिसत होता. एक : मुलाला त्याच्या घरी जशी हाक मारतात तशीच मारा. दोन : घरची भाषा बंद करायला सांगू नका. तीन : उत्तरासाठी घाई करू नका. चार : गप्प मूल ऐकत असते. पुढे पाच, सहा, सात होतेच, पण शिक्षक पाठ करत ते चौथे. प्रशिक्षणात बाई अर्धे म्हणत, 'गप्प मूल...' आणि सगळा वर्ग मिळून 'ऐकत असते!' म्हणे. त्या एका आवाजाने बाईंच्या अंगावर दरवेळी रोमांच येत. ते वाक्य त्यांचे होते, कुठल्या पुस्तकातून घेतलेले नव्हते.

फुटपाथवर दुपारची गर्दी होती. गठ्ठ्याच्या कडा हाताला रुतत होत्या. संघाचे नाव लांबलचक होते, सरचिटणीस ते उभे राहून म्हणत. पण अर्थ सरळ होता. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशा मुलांना शिकवणाऱ्यांनी एकत्र यायचे, एकमेकांना हात द्यायचा. कुणाला काही मिळत नव्हते. बाई स्वतःच्या शाळेत दिवसभर शिकवून उरलेल्या वेळात अध्यक्ष होत्या. नवरा याला 'तुझी ती उठाठेव' म्हणे, आणि पाहुण्यांसमोर मात्र 'आमच्या अध्यक्ष' म्हणून ओळख करून देई. पहिल्या वर्षी त्यांनी हौसेने पद घेतले, दुसऱ्या वर्षी आग्रहाने, आणि त्यानंतर दुसरे कुणी घेत नव्हते म्हणून. कागदावर सभासद पुष्कळ. सभेला येत ती तीसेक माणसे, सगळी चांगली, सगळी थकलेली. सगळ्यांना वाटे की हे काम व्हायलाच हवे, आणि ते बाईंनी करायला हवे. ही मुले मागे बसवतात, मंद ठरवतात, बोलत नाहीत म्हणून धाकदपटशा करतात. त्याविरुद्ध एवढेसे पत्रक हे बाईंचे एकुलते शस्त्र होते. त्या पत्रकाने किती मुले वाचली याचा त्यांच्याकडे हिशेब नव्हता, पण वाचली होती, हे त्यांना ठाऊक होते. आणि आता हे.

सिग्नलपाशी त्या थांबल्या. आठ वर्षांच्या असताना वडिलांची बदली झाली आणि नव्या शाळेत कुणाचेच बोलणे कळेना, तेव्हा त्या गप्प झाल्या होत्या. वर्गातल्या मुलांचे बोलणे नळाच्या पाण्यासारखे नुसते पडत राही. तिथल्या शिक्षिकेने त्यांना काही विचारले नाही. रोज वर्गातल्या सगळ्या पेन्सिलींना टोक काढायचे काम दिले, खिडकीजवळ बसवले, आणि जाता-येता डोक्यावर हात ठेवला. मग एक दिवस वारा सुटला, कागद उडायला लागले आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "खिडकी लावू का?" शिक्षिकेने वळूनही पाहिले नाही. नुसती म्हणाली, "लाव." बाईंच्या आयुष्यात त्या 'लाव' इतके सुंदर कुणी काही बोलले नव्हते. ही गोष्ट त्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगत, आणि शेवटी म्हणत, "सहा महिने मी गप्प होते. सहा महिने एक बाई माझ्यासाठी थांबली." एकदा थोरला भाऊ श्रोत्यांत बसला होता. घरी जाताना तो हसून म्हणाला, "कसले सहा महिने? सहामाहीच्या आत सगळ्या पोरींशी भांडून आली होतीस तू. दीड-दोन महिने असतील." तेव्हा त्याही हसल्या होत्या. पण गोष्टीत सहा महिनेच राहिले, कारण सहा महिने शोभत होते. पत्रकाच्या तिसऱ्या आवृत्तीत तर 'सहा महिने, कधी कधी वर्षभरही' असे झाले. ते कधी वाढले? कुणी वाढवले? रस्ता ओलांडताना त्यांना आठवले की त्यांनीच, एका रविवारी, जेवणे झाल्यावर, अगदी समाधानाने.

मागच्या वर्षी चिमणीने त्यांना मुद्दाम बोलावून घेतले होते. "चौदा महिने झाले, बाई, एक अक्षर नाही. मी चुकत नाही ना?" बाई गेल्या, इवल्याशा खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन त्या मुलीशेजारी अर्धा तास बसल्या. मुलगी चित्र काढत होती. कुणी बोलायला लागले की हातातले काम टाकून ती त्या माणसाच्या तोंडाकडे बघे, डोळ्यांत तेल घालून बघे. इतक्या लक्षपूर्वक ऐकणारे मूल बाईंनी आयुष्यात पाहिले नव्हते, आणि तसे त्यांनी चिमणीच्या वहीत लिहून सहीदेखील केली. शिवाय कुणाच्या तरी हातून लाकडी पट्टी बाकावर पडली, तेव्हा मुलगी दचकून वळली होती. म्हणजे प्रश्नच नव्हता. "थांब," बाईंनी चिमणीला सांगितले, "ही आतून भरतेय. ही एक दिवस अशी बोलेल की तू बघत राहशील." मग त्या मुलीची गोष्टही प्रशिक्षणात आली. खिडकी आणि पेन्सिलींनंतर लगेच. चौदा महिने गप्प, आणि तरी बघा, चेहरा किती शांत! लोक वह्यांत लिहून घेत. आता बाईंना त्या चेहऱ्याची भीती वाटली. तो शांत नव्हता. दोन वर्षे ते लेकरू काचेच्या पलीकडून माणसांची हलणारी तोंडे बघत होते आणि त्या काचेवर टिचकी मारायचे कुणाच्या डोक्यात आले नाही. जिच्या डोक्यात आले ती नर्स या विषयातले एक अक्षर शिकलेली नव्हती. म्हणूनच आले.

सभागृहात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. सरचिटणीस म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक, पांढराशुभ्र शर्ट, खिशाला तीन पेने. ते इतिवृत्ताची वही उघडून बसले होते. बाईंनी त्यांना बाजूला घेऊन सगळे सांगितले. त्यांचा चेहरा पडला. ते खरोखर भले गृहस्थ होते. मग त्यांनी हळूच विचारले, "हे कोणत्या विषयात घ्यायचं? म्हणजे पत्रक प्रकाशनात की आयत्या वेळच्या विषयांत?" बाई म्हणाल्या, "सगळ्यांत आधी." त्या व्यासपीठावर गेल्या आणि बोलल्या. आडपडदा ठेवला नाही. वाक्य माझे, वर्गात जाऊन थांबा म्हणून सांगणारी मी, गेलेली दोन वर्षे त्या मुलीची. मागच्या रांगेत चिमणी तोंडावर ओढणी धरून रडत होती. आणि बोलता बोलताच बाईंना दिसले की दारापाशी ठेवलेला गठ्ठा कुणा कामसू सभासदाने उघडला आहे आणि पाय न वाजवता प्रत्येकाच्या हातात एकेक पत्रक देत तो रांगांमधून फिरतो आहे. लोक पत्रक घेत होते, घडी घालून पर्समध्ये, पिशवीत ठेवत होते, आणि पाणावल्या डोळ्यांनी पुन्हा बाईंकडे बघत होते. बाईंनी "ते देऊ नका" म्हणायला हवे होते. पण त्या वाक्याच्या मध्यावर होत्या, आणि ते वाक्य संपेपर्यंत पत्रके संपली.

मग चर्चा झाली. एक ज्येष्ठ मुख्याध्यापिका म्हणाल्या की पत्रक चूक नाही, हा अपवाद आहे, आणि आपण डगमगलो तर पुन्हा गप्प मुलांना छड्या बसू लागतील. हे खरे होते. ते खरे होते म्हणूनच बाईंना सहन होईना. दुसरे कुणी म्हणाले, 'आधी कान तपासून घ्या' असे एक वाक्य घालू. ते कितवे घालायचे यावर पंधरा मिनिटे गेली. शेवटी तीन जणांची उपसमिती नेमली, तिने तीन महिन्यांत मसुदा द्यायचा. "माझा राजीनामा घ्या," बाई म्हणाल्या, "ही खुर्ची दुसऱ्या कुणीतरी घ्यावी. कोण घेईल?" संघात एक रीत होती, बाईंनीच घालून दिलेली : प्रश्न विचारला की प्रत्येकाने मनात दहा आकडे मोजायचे, म्हणजे सावकाश बोलणाऱ्यालाही वेळ मिळतो. सगळ्यांनी मोजले. दहा झाले, वीस झाले, बाईंनी साठापर्यंत मोजले. लोक बुटांकडे बघत होते. कुणाची आई आजारी, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाला दोन-दोन शाळा. बाईंना कुणाचाच राग आला नाही. "तुमच्याशिवाय आहे कोण, बाई?" सरचिटणीस शेवटी कळवळून म्हणाले. सूचक मिळाला, अनुमोदकही मिळाला. बाई बिनविरोध निवडून आल्या आणि सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या, त्यांच्या प्रामाणिकपणासाठी. जिथे शिक्षा मागायला जावे तिथे सत्कार व्हावा, तशातली गत. त्या खुर्चीत बसून राहिल्या.

टाळ्या चालू असताना ती दुसरी गोष्ट वर आली. इतका वेळ ती कुठे दडी मारून बसली होती कोण जाणे. मागच्या वर्षीच्या त्या दिवशी, वर्गातला अर्धा तास झाल्यावर, बाई शाळेतून निघाल्या तेव्हा फाटकापाशी त्या मुलीची आई उभी होती. कामाचे कपडे, हातात रिकामी पिशवी, लहानखुरी बाई. चिमणीने सांगितले असावे की मोठ्या बाई येणार आहेत. ती बोलायला लागली, तिच्या भाषेत, भरभर, बराच वेळ. संघाच्या दुभाष्यांच्या यादीत ती भाषा नव्हती. मुलीकडे हात केला, तोंडाकडे हात केला, मग हात वर गेला. कुठे गेला? कानाकडे गेला, की केस मागे सारले? बाई खुर्चीत बसल्या बसल्या तो हात पुन्हा पुन्हा वर नेऊन बघत होत्या, आणि दर वेळी तो गालापाशी येऊन पुसट होई. सगळ्या आयांना एकच काळजी असते, मूल बोलत का नाही. बाईंना ते शब्दांवाचून कळले होते. त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला, मान हलवली, एकदा नाही, चांगली तीन-चारदा, आणि म्हटले, "हो, हो. कळतंय मला. काळजी करू नका." त्या माउलीचा जीव असा भांड्यात पडला की तिने बाईंचे दोन्ही हात घट्ट धरले. वार्षिक अहवालात बाईंनी ते लिहिलेही होते, 'भाषा नसली तरी संवाद होतो' अशा मथळ्याखाली.

सहा वाजता त्या जिना चढून गेल्या. दोन खोल्यांचे घर, भिंतीला टेकवून ठेवलेली लोखंडी खाट, दोरीवर वाळणारा शाळेचा गणवेश. मामा विशी-पंचविशीचा, अदबशीर. त्याने एकुलती खुर्ची पुसून पुढे केली. आई खाली बसली, मुलगी तिला चिकटून. बाईंनी मुलीकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. मुलीने लगेच त्यांच्या ओठांवर नजर लावली. फॉर्म चार पानी होता, शाळेच्या भाषेत. जन्म, ताप, औषधे. मामा विचारी, आई सांगे, मामा सांगे, बाई लिहीत. त्यांचे अक्षर सुरेख होते, आणि तेवढा वेळ त्या अक्षराच्या आडोशाला बसल्या. तिसऱ्या पानावर आले : ऐकण्याच्या त्रासाची शंका प्रथम कुणाला आली? केव्हा? तेव्हा कुणाला सांगितले? त्यांनी काय सल्ला दिला?

मामाने विचारले. आई या वेळी थोडे लांब बोलली, आणि मध्येच बाईंकडे बघून ओळखीचे हसली. मामा मात्र घुटमळला. "रिकामं सोडा ते, बाई. एवढं काही महत्त्वाचं नाही."

"काय म्हणाल्या त्या?"

"ती म्हणते, तिलाच आली शंका. इकडे आल्यावर वर्षभरातच. पाठमोरी असली की पोर ओ देत नाही म्हणून. शाळेच्या फाटकापाशी तुम्हाला सगळं सांगितलं. कानाचं आहे, कुठल्या डॉक्टरकडे नेऊ, असं विचारलं. तुम्ही म्हणालात, कळलं, काळजी करू नका." तो खाली बघत पुढे म्हणाला, "भावजी पोरीला न्यायला निघाले होते कुठल्यातरी डॉक्टरकडे. पण ही म्हणाली, मोठ्या बाईंना माहीत आहे, शाळा बघतेय. म्हणून थांबले. तुमच्यावर फार विश्वास आहे तिचा. म्हणून तर फॉर्म तुम्हीच भरायचा म्हणत होती."

हात कानाकडेच गेला होता तर. बाईंना वाटले आपण आता रडू, पण रडू आले नाही. त्यांनी लिहिले. आईला शंका आली. तिने अध्यक्षांना सांगितले. पुढे संघाचे लांबलचक नाव पूर्ण लिहिले. सल्ला या शब्दासमोर पेन थांबले. मग त्या मामाला म्हणाल्या, "त्यांना सांगा, मला त्या दिवशी काही कळलं नव्हतं. त्यांची भाषा मला येत नाही. एक शब्दही कळला नव्हता."

मामा म्हणाला, "कशाला, बाई? झालं ते झालं. ती तुम्हाला दोष देत नाहीये." बाई म्हणाल्या, "सांगा." त्याने सांगितले. आईच्या चेहऱ्यावरचे हसू लगेच गेले नाही. तिला आधी वाटले भाऊच काहीतरी चुकीचे सांगतोय, म्हणून तिने त्याला पुन्हा विचारले. त्याने पुन्हा सांगितले. मग ती बाईंकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर बाईंनी तो झेलला असता, त्यासाठीच तर त्या जिना चढून आल्या होत्या. ती नुसती समजून घ्यायचा प्रयत्न करत होती, एखादा हिशेब कुठे चुकला ते बघावे तशी. तिने हळू आवाजात काहीतरी विचारले.

"काय म्हणतायत?" बाईंनी विचारले.

मामाने मान खाली घातली. "विचारतेय... कळलं नव्हतं, तर मग मान का हलवलीत?"

याचे उत्तर बाईंना येत होते. पालकांना ओशाळवाणे वाटू नये, आपले कुणीतरी ऐकून घेतले असे वाटावे, यावर त्या दोन-दोन तास बोलल्या होत्या, लोकांनी ते लिहून घेतले होते. त्यांनी तोंड उघडले. आई थांबली होती, तिला काही घाई नव्हती. मुलगी मघापासून एकेकाकडे बघत आली होती. आईचे बोलून झाले, मामाचे बोलून झाले, आता ती बाईंच्या उघड्या तोंडाकडे बघत होती, आणि ते हलत नव्हते.